मीटरची उंची

सांगलीच्या गावभागात मीटर वाचायला लागलो
तेव्हा मीटर छातीशी यायचं.
दिंडीतून वाकून आत, डाव्या हाताला देवळी,
देवळीत शिसवी फळी, फळीवर चिनी मातीचा फ्यूज
आणि कुणीतरी विसरलेली तंबाखूची डबी.
आकडा टिपायचा, पुन्हा वाकायचं, बाहेर.

पाच सालच्या पुरानंतर मीटर डोक्यावर गेलं.
एकोणीसनंतर मला स्टूल लागलं.
ते आवट्यांच्या सोप्यात असायचं;
महिन्यातून एकदा माझ्या खांद्यावर बसून गल्ली हिंडायचं,
पोरं ओरडायची, आला रं स्टूलवाला.

स्टुलावर चढलं की घर वेगळं दिसतं.
तुळईच्या तोंडाशी सुताराचं कोरलेलं कमळ,
कमळात चिमणीच्या काड्या,
खणाखणातून लोंबणारी वायर,
आणि भिंतीवर दोन रेघा, एकीवर एक,
कपात चहा वाळल्यावर राहतात तशा.
चुना मारा, डिस्टेंपर मारा,
आषाढात भिंत दमट झाली की उमटतातच.

खाली काळ्या दगडाचं जोतं. घडीव. सुरी जाणार नाही अशी सांध.
ज्यानं ते बांधलं त्यानं नदी बघूनच उंची धरली असणार.
पण त्याच्या नदीवर धरण नव्हतं.

मग घरं वर राहायला शिकली.
देव वर गेले, मागोमाग चूल,
फ्रिज दोरखंड बांधून माडीच्या खिडकीतून आत घेतला
आणि त्यासाठी कापलेले गज परत बसवायचं राहून गेलं.
खाली स्कूटर, सिलिंडर, गाळाचा वास.

पद्मण्णा चौगुल्यानं तर घरच उचललं.
परमुलखातली माणसं आली, दीडशे जॅक लावले,
रोज चार बोटं. आत भाकरी भाजत होत्या
आणि घर चढत होतं.
साडेचार फूट! बघायला मिरजेहून पाव्हणे आले.
आता त्याचा कट्टा माझ्या नाकाला लागतो.
त्या कट्ट्यावर मेथीची पाटी टेकायची,
निकाल लागायचे, सोयरिकी मोडायच्या.
आता पद्मण्णा वरून वाकून म्हणतो, च्या घेणार न्हवं?
आणि कप खाली कसा द्यायचा
याचा आम्ही दोघं जरा वेळ विचार करतो.

ताम्हनकरांचं घर तेवढं बंद. तीनमजली,
बिडाचे कठडे, रंगीत काचेची तावदानं,
माणसं ठाण्याला, किल्ली मुल्लांच्या बेबीजानकडं.
त्यांचं मीटर आधीपासूनच माडीवर.
आकडा ४४१७.
वर्षानुवर्षं तोच; माझ्या फोन नंबरासारखा पाठ.
न चढताच लिहायचो कधीकधी, खोटं कशाला बोला.

एकोणीसच्या सप्टेंबरात चढलो. ४४६६.
बॅटरी मारून परत बघितलं.
माडीवर दोरीला चादरी, कोपऱ्यात तीन स्टोव्ह,
भिंतीवर कोळशानं कुणा पोराची आगगाडी,
आणि तावदानाखाली ओळीनं वाळत घातलेली
अख्ख्या गल्लीची रेशनकार्डं.
मीटर कोरडं राहिलेलं एकच घर, म्हणून वीज पहिली इथं आली.
पाच बिऱ्हाडं अठरा दिवस.

बिल गेलं. ठाण्याहून फोन आला,
एकोणपन्नास युनिट कुणी जाळले?
मी म्हणालो, साहेब, आवटी, मुल्ला, चौगुले,
कासाराची बाळंतीण... मोजत गेलो.
तिकडं बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाले, मधल्या खोलीत पंखा आहे,
वायर सुटलीय त्याची. जोडून घ्या.

जोडला.
चालतो का बघायला मिनिटभर सोडला,
चादरी हलल्या.
तेवढ्यानं आकडा पुढं सरकत नाही.